आठ कोपऱ्यांची टोपी

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून फतवा आला. बावीस तारखेला 'जुना बाजार' नावाचा कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर जुन्या काळची उंच काळी टोपी हवी — पुठ्ठ्याची. 'पालकांनी मुलांसोबत बसून करावी. विकतची चालणार नाही.' खाली दोन फुलं आणि एक हसरा चेहरा.

नवऱ्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "हे तुझंच खातं." आणि हात झटकून आंघोळीला गेला. मी खोक्यांच्या कारखान्यात नमुने कापते, म्हणजे जगातला यच्चयावत पुठ्ठा माझ्या खात्यावर! बुटाचं खोकं पाण्याने भिजलं तरी हा माणूस माझ्याकडे बघतो.

फतव्यात 'पालक' लिहिलंय. त्यात मी मोडते की नाही, ते फुलांवरून कळलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात नणंदेने नव्या भाडेकरीणबाईंशी माझी ओळख करून दिली. "ही माझ्या भावाची दुसरी. मुलं पहिलीची." एका दमात, ट्रकमधून उतरलेलं सामान मोजावं तशी. नणंद खालच्या मजल्यावर राहते. फक्त तिचे कान आमच्या मजल्यावर असतात.

भाडेकरीणबाई म्हणाल्या, "अरे वा." त्यात वा काय होतं, कुणास ठाऊक.

मुलं मला काहीच म्हणत नाहीत. आई नाही, काकू नाही, मावशी नाही. नावाने हाक मारा म्हटलं होतं, तेही नाही. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात. दोघांना काही हवं असलं की खोलीत येऊन हवेला सांगतात. "पेन्सिल संपली." मग हवा उठते आणि पेन्सिल आणून देते. हवेचं अडत नाही. हवेला दोन वर्षांत सवय झाली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलं आत्याकडे खाली गेली होती. नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "ती येणार आहे कार्यक्रमाला." ती म्हणजे मुलांची आई. दुसऱ्या शहरात नोकरी करते. आता तिथे मोठं घर घेतलंय म्हणे, शाळेला लागून.

कुणाच्या शाळेला?

"म्हणजे — आमचं असं ठरलंय, की मुलं म्हणतील तसं. परीक्षा झाली की तिकडे जायचं, नाहीतर इथेच राहायचं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी विचारू दोघांना."

आमचं ठरलंय! आमचं म्हणजे त्या दोघांचं. मला कुणी विचारलं नाही. नमुना विभागाला कोण विचारतं? माल मंजूर झाला की कळवतात.

बरंच आहे. गेली तर जेवणाचं टेबल जेवायला मिळेल. सकाळी बाथरूमचं दार उघडं सापडेल. थोरल्याचे मोजे सोफ्याखालून उपसावे लागणार नाहीत. धाकटी माझ्या कंगव्याने बाहुलीचे केस विंचरते, ते थांबेल. शिवाय कपाट! मुलांच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा अजून त्यांच्या आईच्या सामानाने भरलाय. उंच टाचांचे सँडल, बॅडमिंटनची रॅकेट, काडी मोडलेली छत्री, सुया खोवलेला अर्धा स्वेटर. 'नंतर नेते' म्हणून गेली. त्याला कुणी हात लावत नाही. मी भोवतीने फडकं मारते.

माझे कपडे खोक्यात असतात. आमच्याच कारखान्याचं खोकं, वर ठळक छापलंय — 'ही बाजू वर'. नवरा दर महिन्याला म्हणतो, एक कपाट घेऊ. लग्नाला दोन वर्षं झाली, खोकं टिकून आहे. माल चांगला निघाला.

बरंच आहे. हे दुसऱ्यांदा लिहिलं. कटर बोथट झाला की एकाच रेघेवरून दोनदा फिरवावा लागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत नमुन्याच्या टेबलावर टोप्या कापल्या. टोपी म्हणजे काय? बिनतळाचं खोकं, खाली रुंद कड. खोकं म्हटलं की माझे हात आपोआप चालतात. आठ बाजू, आठ घड्या, वर आठकोनी झाकण, जागोजागी जिभा. जीभ खाचेत सरकवली की टोपी उभी. डिंकाचं बोटसुद्धा लागत नाही! दोन नग सपाट दुमडून पिशवीत घातले.

साहेब डोकावले. "कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

"घरच्या."

"मग मंजुरी मिळणं कठीण."

या माणसाच्या तोंडून आजवर निघालेलं हे पहिलं शहाणं वाक्य.

९ फेब्रुवारी, रविवार

मंजुरी मिळाली नाही.

दुपारी टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली. ब्रश आणले होते, जुने शर्ट काढून ठेवले होते मुलांना घालायला. म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसू. दोघं येऊन बसली. मी घड्या दाखवल्या. जिभा खाचांत गेल्या आणि चहाला उकळी फुटायच्या आत दोन्ही टोप्या टेबलावर उभ्या!

धाकटी म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग आता काय करायचं?"

खोक्याचा नमुना करताना आम्ही एकच बघतो — जोडणाऱ्याला डोकं लावावं लागता कामा नये. इतकं सोपं करायचं, की झोपेतसुद्धा जोडता यावं. तीच सवय घरी घेऊन आले. मुलांसोबत बसायचा एवढा मोठा बहाणा मिळाला होता आणि मी तो जिभा-खाचांत संपवून टाकला! माझ्यासारखी मीच.

थोरल्याने टोपी घातली. आठही कोपरे कपाळात रुतले. काढली तर कपाळावर ठिपके. तो हवेला म्हणाला, "हे डोकं आहे. खोकं नाही."

धाकटीची टोपी नाकापर्यंत आली आणि एका कानाला अडकली. तेवढ्यात नवरा डोकावला. "अरे वा, छान टोकं आलीत." त्याला कुणीतरी सांगायला हवं, की प्रत्येक वेळी बोलावंच लागतं असं नाही.

मुलं उठून गेली. मी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली. माझं डोकं गेली कित्येक वर्षं खोक्यांनी भरलेलं, तरी त्यावरही बसली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर घरी आले. दार ढकललेलंच होतं. मुलांच्या खोलीतून धाकटीचा आवाज — आईशी फोनवर बोलत होती. "नाही, पुठ्ठेवाली घरी नाहीये... हो, पुठ्ठेवालीनेच केली... आठ कोपरे!" मग हसू. मागून थोरल्याचंही.

चला, नाव आहे तर! मी उगाच समजत होते, की मला नाव नाही. भंगारवाला, दूधवाला, पुठ्ठेवाली. दारावर येणारी माणसं. काम झालं की जिना उतरून जातात.

मीही उतरले. खाली जाऊन पाय आपटत पुन्हा वर आले, किल्ल्या वाजवल्या, दारात खोकले. आत चिडीचूप.

वाईट वाटलं. जिन्यातच रडले असते, पण खालच्या मजल्यावर कान आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आठ कोपरे! एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात? सहा केले असते तर?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

थोरला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "वर्गातल्या एकाच्या वडिलांनी टोपी करायला माणूस लावलाय. दुकानं सजवणारा. टोपीला दिवेपण आहेत."

मी म्हटलं, "असू देत."

"आपल्या टोप्या फेकल्या तर?"

आपल्या! हवेला नव्हतं म्हटलेलं ते. मी हात पुसले. "फेकू या. गोल करू. पण गोल मला येत नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पुठ्ठ्यातलं पण येत नाही?"

"कोपरे येतात. गोल नाही."

त्याचा चेहरा उजळला. मोठ्या माणसाला काहीतरी येत नाही हे कळल्यावर पोरांना जो आनंद होतो, तसा कुठल्याच खेळण्याने होत नसावा. त्याने बहिणीला हाक मारून बातमी दिली — गोल येत नाही! नणंदेला खाली ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

धाकटीने जुन्या टोप्या फेकू दिल्या नाहीत. "खोकं म्हणून चांगल्या आहेत." तिने एक उलटी करून तिच्यात बाहुली झोपवली. खरंच चांगली आहे, खोकं म्हणून.

मोजायची टेप कारखान्यात राहिली होती, म्हणून दोरी घेतली. डोक्याभोवती फिरवायची, चिमटीत धरायची, तिथे गाठ. धाकटीला हे इतकं आवडलं, की तिने घरातलं सगळं मोजून काढलं. चहाची किटली, दाराची मूठ, सोफ्यावर घोरणाऱ्या बापाचं पोट. "बाबा टोपीत बसणार नाहीत," तिने जाहीर केलं.

मग स्टूल ओढून माझ्यामागे आली. "हलायचं नाही." माझं डोकं मोजलं. बोटं ओली होती, कानाला गार लागली. मी हलले नाही. तिची गाठ मारून झाल्यावरसुद्धा हलले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

थोरल्याने आज स्वतः पट्टी कापली. गोल वळवायला गेला आणि फट्कन मोडली. दुसरी कापली, तीही मोडली. कात्री फेकली. "हा पुठ्ठाच भंगार आहे."

माझ्या पुठ्ठ्याला भंगार! आधी जीभ शिवशिवली. मग म्हटलं, इकडे ये. पुठ्ठ्याला अंग असतं. चौकोनी तुकडा घे, आधी या दोन कडा धरून वाकव, मग त्या दोन. एका बाजूने मुकाट लवतो, दुसऱ्या बाजूने अडतो. तरी जोर लावला तर मोडतो. त्याची चूक नसते, आपण उलटं धरलेलं असतं.

त्याने घरातला प्रत्येक पुठ्ठा वाकवून पाहिला. वहीची पाठ, बिस्किटाचं खोकं, कॅलेंडर. मग खुर्चीत रेलून म्हणाला, "आत्या दोन्ही बाजूंनी लवत नाही."

मी रागवायला हवं होतं. मोठ्यांबद्दल असं बोलू नये वगैरे. पण मला असं हसू फुटलं, की खळीचं भांडं कलंडलं.

"बाबा दोन्ही बाजूंनी लवतात," धाकटी म्हणाली. मग हातातला ब्रश माझ्याकडे रोखला. "आणि...?" नाव सुचेना, किंवा सुचलं ते तोंडावर म्हणता येईना.

थोरल्याने मला जरा न्याहाळलं. "अजून बघायचंय."

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर टोप्या. पट्टी गोल करून चिकटवायची, वाळेपर्यंत कुणीतरी धरून उभं राहायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. खालच्या काठाला कात्रीने दात पाडायचे, ते बाहेर वळवून कडेला चिकटवायचे. मग काळा रंग. टोप्यांना थोडा, टेबलाला बराच, माझ्या केसांना उरलेला.

थोरल्याची टोपी डावीकडे झुकली आहे. धाकटीने कड स्वतः कापली, वेडीवाकडी, लाटा उठल्यासारखी. माझ्या हातात कटर होता. एक चीर दिली असती की सगळं सरळ! हात नुसता वळवळत होता. मी तो पाठीमागे धरून ठेवला. कारखान्यात एवढं कठीण काम मला कधी कुणी दिलेलं नाही.

नवरा आला. "मी पण करू?" पाच मिनिटांत कोपराला वर्तमानपत्र चिकटवून घेतलं आणि उपकार केल्यासारखा निघून गेला.

संध्याकाळी दोघं टोप्या घालून आरशासमोर उभी राहिली. एक वाकडी, एक लाटांची. मागे मी, काळ्या केसांत अजून काळा रंग. धाकटी आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "भूत." प्रेमाने म्हणाली. मला कळतं तेवढं.

मला ही दोघं इथे हवी आहेत. लिहून टाकलं. टेबल गेलं खड्ड्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नणंद वर आली. टोप्यांची तपासणी केली, साहेब करतात तशी, फक्त खाली टाकून पाहिल्या नाहीत. "ही वाकडी का? तू एवढी कारखान्यातली, आणि ही टोपी?"

"मुलांनी केली आहे, ताई."

"मग तू काय केलंस?"

"धरून उभी होते."

तिने सुस्कारा सोडला. मग मुद्द्यावर आली. "शनिवारी ती येतेय. जरा नीटनेटकी ये, नखांतला रंग काढ. आणि पुढे पुढे करू नकोस. आई दिसली की मुलं आईकडेच जाणार. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत."

"तुझ्या भल्यासाठी सांगते."

माझ्या भल्याची काळजी करणारी माणसं नेहमी दुसऱ्याच्या भल्याच्या बातम्या घेऊन येतात. मूग गिळून चहा केला. साखर विसरले. विसरले असं म्हणू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. नखांतला रंग जात नाही. जाऊ नये म्हणून मी फार घासतही नाहीये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काय दिवस!

सभागृहात शिरल्याशिरल्या कळलं, की मुलांनी केलेल्या टोप्या आमच्या दोन आणि कोपऱ्यातल्या एका मुलीची एक. बाकी सगळ्या आईबापांची प्रदर्शनं. एकीला मखमल, एकीला पिसं, एक तर पत्र्याची! दिव्यांची टोपी सगळ्यांत उंच. तिच्याखाली एक बारीकसा मुलगा होता, मान ताठ धरून, हलायची बंदी असल्यासारखा. त्याचे वडील दुसऱ्या रांगेत बसून लोकांना सांगत होते, "त्याची त्यानेच केली."

मुलांची आई पहिल्या रांगेत. निळे कपडे, व्यवस्थित केस. मुलं धावत जाऊन तिला बिलगली. बिलगणारच. मी आणि नणंद मागे. नणंद माझ्या मनगटावर हात ठेवून बसली होती, मी उडून जाईन अशा धास्तीने.

रंगमंचावरचे दिवे तापले तसा सगळ्यांचा डिंक सुटला. आधी एक झाकण उडालं, मग पिसं गळायला लागली. दिव्यांच्या टोपीची कड घसरून त्या मुलाच्या खांद्यांवर बसली. पोरगं शूर! गळ्यात टोपी घेऊन त्याने भाजी विकली, सगळी वाक्यं म्हटली. आमच्याही काही अमर नव्हत्या. धाकटीची लाटांची कड एका बाजूने सुटली, ती शेवटपर्यंत एका हाताने धरून उभी. थोरल्याची टोपी तेवढी टिकली, मूळचीच वाकडी, आणखी वाकडं काय होणार.

शेवटी हस्तकलेच्या बाईंनी माईक फिरवला. "सांगा बरं, टोपी कुणाबरोबर केली?" आई, बाबा, आई-बाबा, आजोबा. दिव्यांच्या मुलाने आधी वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एका काकांनी केली. मी शाळेत होतो." वडील बुटाची नाडी बांधायला खाली वाकले ते वर आलेच नाहीत.

मग थोरल्यापुढे माईक आला.

"मी, बहिणीने आणि पुठ्ठेवालीने."

सभागृह हसलं. नणंदेची पकड माझ्या मनगटात रुतली. "काय हे बोलणं! लाज आणली." बाई घाईने म्हणाल्या, "कोण रे, बाळा? पुठ्ठा विकणारी का?"

"नाही," तो म्हणाला. "आमच्या घरची आहे. ती तिकडे बसलीय." आणि हात लांब करून मला दाखवलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. नखं काळी, मनगटावर नणंद. मी काय केलं? हात हलवला. दुसरं काय करणार होते.

कार्यक्रम संपल्यावर मुलांची आई स्वतः माझ्याकडे आली. "तुम्हीच ना? माझा फोन म्हणजे रोज पुठ्ठा. मी विचारते, अभ्यास झाला का? तर उत्तर येतं — आई, पुठ्ठ्याला अंग असतं. आज पुठ्ठेवालीने हे केलं, आज पुठ्ठेवालीला ते येत नाही." मग हसली. "आठ कोपऱ्यांची टोपी मला फार बघायची होती."

मी म्हटलं, "तिच्यात बाहुली झोपते."

चांगली बाई आहे. वाईट असती तर किती सोय झाली असती.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज विचारायचं होतं. ती घरी आली, मुलं, नवरा आणि ती खोलीत बसले. मला कुणी जा म्हटलं नाही. मीच साबण आणायला गेले. घरात साबण होता.

परत आले तर ती निघून गेली होती. नवऱ्याला विचारलं, काय म्हणाली मुलं?

"थोरला म्हणाला, शुक्रवारी सांगतो. आईला म्हणाला, तू शुक्रवारी गाडी घेऊन ये."

गाडी घेऊन. म्हणजे सांगायचं राहिलंय काय!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

थोरला माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हवेपुढे नाही, माझ्यापुढे. हातात दोरी, तिला तीन गाठी. "एक खोकं पाहिजे. मजबूत. पहिल्या गाठीएवढं लांब, दुसरीएवढं रुंद, तिसरीएवढं उंच."

"कशाला?"

"सामान न्यायला."

पुठ्ठेवालीकडे पुठ्ठाच मागणार. दोरी पर्समध्ये ठेवली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कापलं. दोन थरांचा जाड पुठ्ठा, अंग बघून, दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं. पुस्तकांना एवढं लांब खोकं कशाला, कळेना. रॅकेटएवढं लांब. त्याच्याकडे रॅकेट नाही. तिकडे गेल्यावर मिळेल बहुतेक.

तळ जोडताना मोह झाला. खरंच झाला. एक जीभ अर्धी कापून ठेवायची, बाहेरून दिसत नाही. वाटेत तळ फुटेल, सामान रस्त्यावर, परत यावं लागेल. कटर टेकवलासुद्धा होता. मग शिवी दिली — स्वतःला — आणि तळाला आणखी एक थर लावला. साहेबांनी टेबलावरून टाकून पाहिलं. फुटलं नाही. स्वतः त्यावर बसले, तरी नाही. "हे कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

डोळ्यांत पुठ्ठ्याची धूळ गेली म्हटलं. साहेबांना तेवढंही खरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खोकं दिलं. त्याने आत डोकं घालून वास घेतला, तळावर बुक्की मारली. "छान आहे," म्हणाला. मुलांच्या खोलीचं दार लावून घेतलं दोघांनी. आतून चिकटपट्टी ओढल्याचे आवाज.

मी भांडी घासत राहिले. घासलेलीच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी आली. दोघांनी दोन भोकांत हात घालून खोकं जिन्याने उतरवलं, धाकटी दर पायरीला "थांब" म्हणत होती. त्यांच्या आईने गाडीजवळ ते उघडलं. वर अर्धा स्वेटर. खाली सँडल, छत्री, रॅकेट. तिने स्वेटर थोरल्याच्या छातीला लावून पाहिला. बेंबीपर्यंतही पोचला नाही. मग नीट घडी करून परत ठेवला.

"सुट्टीत येतो," थोरला तिला म्हणाला. ती दोघांना बराच वेळ कुशीत धरून उभी राहिली. गाडी गेली.

वर आले तर दोघं माझं 'ही बाजू वर' खोकं ओढत मुलांच्या खोलीत नेत होती. खालचा कप्पा पुसून रिकामा. "दोरीने मोजलंय," थोरला म्हणाला. "सगळे कपडे मावतात." धाकटीने बाहुलीला आठ कोपऱ्यांच्या टोपीतून उठवलं, टोपी कप्प्यात ठेवली आणि तिच्यात माझा कंगवा.

कपडे मावले. रिकामं खोकं मी घडी घालून सपाट केलं.